श्वास घेणारा ग्राहक

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. काल वीज आयोगाच्या सुनावणीत मधल्या खुर्चीवर तू होतास. माझा नंबर पुकारला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच कागदांत डोकं घातलंस. मी एवढंच मागितलं, की ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालतं, त्यांची वीज कंपनीने आधी कळवल्याशिवाय बंद करायची नाही, असा नियम करा. तू म्हणालास, "बाई, नियमात घरगुती, व्यापारी आणि औद्योगिक ग्राहक आहेत. श्वास घेणारा ग्राहक असा प्रकार नाही." अख्खं सभागृह हसलं. सख्ख्या बहिणीला बाई म्हणालास!

आई घरी टीव्हीवर सुनावणी थेट लावून तुलाच बघत होती. माझं बोलणं संपतंय तोच तिकडे वीज गेली आणि तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. शेजारीण धावली, तिने सिलिंडर जोडला, तोवर आईचे ओठ निळे पडले होते. मी पोचले तेव्हा मास्क बाजूला सरकवून तिने विचारलं, "दादा काय म्हणाला गं?"

"करतो म्हणाला."

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि डोळे मिटून हसली.

तुझी अब्रू राखायला मी तिच्याशी खोटं बोलले, याने माझं डोकं फिरलंय. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर नात्याचं कारण पुढे करून तू बाजूला होशील आणि अलगद सुटशील. निकालावर सही तुझीच हवी. पुढच्या तारखेला आईला सिलिंडरसकट पहिल्या रांगेत बसवणार आहे. तिच्या तोंडावर नकार देऊन दाखव.

तुझी धाकटी