गुलाब जे बोलला होता

कोलाम पोड, ता. समुद्रपूर
१२ नोव्हेंबर २०२४

हेमराजभाऊ,

रामराम. आईचा गुडघा तसाच आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. लग्न ठरून तुझ्या प्रेरणाचं साक्षगंध थाटात झालं म्हणे. आम्हाला बोलावणं नव्हतं ते बरंच. तुझ्या सिंदी मेघेतल्या लोकांना आमची ओळख तरी काय करून दिली असतीस?

परवा तुरुंगात मुलाखतीला गेले होते. आपला धाकटा गुलाब जाळीपलीकडे बसला होता, कपाळाला अकरा टाके. भिंतीवर डोकं आपटून घेत होता, चौघांनी धरला तेव्हा थांबला. बोलला ते सगळं कोलामीत. मराठी त्याच्या तोंडातून गेलीच आहे.

दवाखान्यातही तसंच होतं, आठवतं ना? वनरक्षकाला दगड मारला म्हणून पकडलेला, कोर्टाने डोकं तपासायला पाठवलेला. डॉक्टरीणबाईंना कोलामी येईना, म्हणून त्याचं बोलणं मराठीत सांगायला तुला मास्तराला मध्ये बसवलं. आवाज येतात का, असं त्यांनी विचारलं. गुलाब म्हणाला, मेलेला बाप विहिरीतून हाका मारतो, उडी घे म्हणतो, दगडही त्यानेच मारायला लावला. आणि तू हसून सांगितलंस, "काही नाई मॅडम, झोप नाई येऊन राह्यली म्हणते. आमच्यात मेलेल्यायचं नाव घेतच राह्यतेत."

बाईंनी तेच लिहिलं. गुलाब औषधाविना परत बराकीत. साक्षगंध आठ दिवसांवर होतं. मुलीचा काका वेडा निघाला तर पाहुणे फिरतील, एवढंच तुझ्या डोक्यात होतं. लाज कशी वाटली नाही रे तुला?

मी तिथेच दाराशी उभी होते. कोलामी मलाही येते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान खाली घातली. थोरल्यासमोर बोलायचं नाही, हीच सवय. मग नातेवाईक म्हणून बाईंनी लिहिलेल्या कागदावर सही करायला तू मला पुढे केलंस आणि मी केली. ते टाके सारखे डोळ्यांसमोर येतात. तुझा संताप येतो आणि माझीच मला किळस येते.

२१ तारखेला फेरतपासणी आहे. तू येऊ नकोस. त्याच्या शेजारी मी बसणार. मागच्या वेळी काय घडलं ते आधी सांगणार, तुझ्या नावासकट, माझ्या नावासकट. लग्न मोडलं तर मोडू दे.

निघताना गुलाबने विचारलं, भाऊने डॉक्टरांना सगळं सांगितलं ना? मी हो म्हणाले.

त्या कागदावर सही करणारी,
सरिता