सात रुपयांचं वर्ष

वडनेर भोलजी
१२ जून २०२४

ती. दादास,
दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल. उजवं मनगट प्लास्टरात आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. फोन लावू नकोस, तो यांनी भिंतीवर आपटला. उत्तर अंगणवाडीच्या वच्छलाबाईंच्या पत्त्यावर पाठव.

निमित्त बाबांच्या शेअरचं. पैनगंगा ऊर्जा कंपनीत तीस वर्षं खांबांवर चढून बाबांनी आपल्या दोघांच्या नावे चारशे-चारशे शेअर ठेवले. माझे विकून यांना मोटार रिवायंडिंगच्या दुकानात नवं मशीन घ्यायचं आहे. दादाला विचारल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं, तर यांच्या हातात पान्हा होता, तोच बसला.

पोस्टमास्तर असताना तू अख्ख्या जानेफळला शेअर शिकवायचास. आता बहिणीला सांग, विकू की ठेवू? वहिनींना जयभीम. आठवण ठेव.

तुझी
दीपमाला


जानेफळ
१९ जून २०२४

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कळवळला. लगेच बाबांची पत्र्याची पेटी काढली. लाभांशाच्या पावत्या मी सालवार लावून ठेवल्या आहेत, तुझी वहिनी त्यावरून मला हसते.

तर ऐक. २०१४ साली शेअरमागे दोन रुपये, मग सव्वादोन, मग अडीच. २०२० च्या टाळेबंदीत भल्याभल्या कंपन्यांनी हात वर केले, हिने तरी दोन दिलेच. २०२२ ला एकदम सात! लोक नाचले. पण ते सात विजेच्या कमाईचे नव्हते, कंपनीने जुन्या केंद्राची जमीन विकली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अडीच. म्हणून सांगतो, एका चांगल्या वर्षाला भुलायचं नाही आणि कंपनीच्या आश्वासनालाही नाही. दहा वर्षांत तिने प्रत्यक्ष काय दिलं, वाईट काळात कशी वागली, तेवढंच खरं. ही कंपनी साधी आहे पण चुकत नाही. विकू नकोस.

शेखररावांचं म्हणशील तर मे महिन्यात विहारातल्या बैठकीत त्यांनी पुन्हा हात उचलणार नाही असं स्टँपपेपरवर लिहून दिलं, चार माणसांपुढे रडले. तो कागद माझ्याकडे आहे. रागाच्या भरात एखाद्या वेळी होतं. माणूस बदलतो, त्याला वेळ दे. लेकीची, योगिनीची बारावी आहे, जरा सांभाळून घे. माझी माया तुझ्यावर आहेच.

तुझा
दयारामदादा


वडनेर भोलजी
८ जुलै २०२४

दादा,
जयभीम.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. कंपनी कशी पारखायची ते समजलं. मग मीही एक हिशेब सालवार मांडला. यात त्याला अहोजाहो करणं मला जमलेलं नाही.

२०१४, डाळ खारट झाली म्हणून कानशिलात. तो कान अजून नीट ऐकत नाही. २०१६, पट्टा, बकलाकडून. २०१९, उकळता चहा मांडीवर ओतला. २०२०, टाळेबंदी, दुकान बंद, रोज. वाईट काळात कसा वागला ते पाहायला तूच सांगितलंस ना? २०२२ ला बापाची जमीन विकून हिस्सा आला. आम्हाला लोणारला नेलं, मला हिरवी साडी घेतली, वर्षभर बोट लावलं नाही. ते माझं सात रुपयांचं वर्ष. मी त्याला भुलले, दादा. २०२३ ला दोन दात पाडले. तुझा स्टँपपेपर अठरा दिवस टिकला.

काल, रविवारी, त्याने सहीसाठी योगिनीचा गळा धरला. तिला दारावर दाबलं, तिचे पाय जमिनीवरून सुटले. वच्छलाबाई धावत आल्या, काऊन मारून राह्यला बे पोरीले म्हणून ओरडत राहिल्या, त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी डाव्या हाताने वरवंटा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकलं. पुन्हा घातला. मला वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही.

तो खामगावच्या दवाखान्यात आहे. शनिवारी सोडणार. आल्यावर दोघींना जाळीन असा निरोप त्याने पाठवला आहे. योगिनीला गिळता येत नाही.

तू एका कागदावर विश्वास ठेवलास. माझी दहा वर्षं कधी पाहिली नाहीस. आता तरी सांग, ठेवू की सोडू?

दीपमाला


जानेफळ
१२ जुलै २०२४, दुपारी

दीपे,

पत्र आत्ताच मिळालं. हे उत्तर टपालात टाकत नाही, चार दिवस लागतात. तीनची गाडी धरून मीच आणतो आहे. समोर उभा राहून हे बोलायला तोंड धजणार नाही, म्हणून लिहिलं.

तुझं पत्र वाचून पुन्हा पेटी उघडली. लाभांशाच्या पावत्यांखाली तुझी पत्रंही होती. तीही मीच सालवार लावली होती. २०१४ ला कानात पाणी गेलं. २०१६ ला मोरीत पाय घसरला. २०१९ ला कढई सांडली. २०२० ला पाच पत्रं आणि पाचही वेळा तू पडलीस. २०२२ ला एकही पडणं नाही. पोस्टात जन्म गेला माझा, आणि घरातली पत्रं वाचता आली नाहीत. वाचली होती, दीपे. कळलंही होतं. सोयीचं नव्हतं.

शेअर ठेव. त्याला सोड. स्टँपपेपर बरोबर घेतला आहे, तो उद्या पोलीस ठाण्यात देऊ. योगिनीची पुस्तकं बांधून ठेव, बारावी जानेफळहून होईल. वहिनीने आतली खोली झाडायला घेतली आहे.

लोभ मागायचा हक्क मी घालवला. पोचायला अंधार पडेल. दार तीनदा वाजवीन. घाबरू नका, मी आहे.

दादा