आडनजरचे डोळे सरळ केले

अप्पा, तुमची 'बिनकामाची पलटण' पुन्हा निघाली. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं, छापखान्याचा कारभार मालकांच्या मुलाकडे आला, आणि त्याला जुन्या कपाटात तुमचे चित्रकथांचे अंक सापडले म्हणे. आज दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नवा पहिला अंक माझ्यापुढे ठेवला. "नोड्री अक्का, बघा तरी, तुमच्या अप्पांचं पुस्तक परत आलंय की," म्हणाल्या. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. ते काम तसंच टाकलं आणि तिथंच वाचायला घेतलं.

कागद गुळगुळीत आहे, हे आधी कबूल करते. रंगही रेषेबाहेर सांडत नाहीत. तुमच्या वेळी ओठांचा लाल रंग हमखास हनुवटीवर उतरलेला असायचा. पण पलटण तुमची राहिली नाही. पाण्यात बुडून मरत नाही म्हणून तळ्याच्या तळावरून धोतर सावरत चालत जाणारा तुमचा ढेरपोट्या कारकून आता पीळदार दंडांचा झालाय. नुसतं रोखून बघून दूध नासवणारा म्हातारा हातातून आग फेकतो. तुमची माणसं चोर पकडायला निघायची आणि वाटेत चहा कुणी सांगायचा यावरून भांडत बसायची. ही भांडत नाहीत, छाती काढून उभी राहतात. गोष्ट तर अगदीच पाणचट. तुमचं नाव कुठंच नाही, शेवटच्या पानावरही नाही. पण हे सगळं मी नंतर बघितलं. आधी मी आडनजरला शोधलं.

आडनजर म्हणजे मी, हे आपल्या उणकल गावात कुणाला सांगावं लागलं नव्हतं. अजून डोळ्यांपुढे आहे, चुलीपाशी मला पाटावर बसवून तुम्ही म्हणताय, "इकडं बघ. आता भिंतीकडं बघ. हलू नको." माझा उजवा डोळा नाकाकडे वळलेला. तसल्या डोळ्यानं कोपऱ्यापलीकडचं दिसणारी एक मुलगी तुम्ही पलटणीत घेतलीत, मला न विचारता. छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागायचं, तेव्हा कुठं ते कागदावर सुलटं उमटायचं. अक्षरं उलटी लिहायला तुमचा हात सरावलेला होता, पण माझं तोंड तुम्ही घरच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलंत, आणि छापून आलं तेव्हा तिरळा डोळा डावा झाला. शाळेत मुली चिडवायला लागल्या तेव्हा मी ठासून सांगितलं, "ती मी कुठली? तिचा डावा आहे, माझा उजवा." थोडे दिवस ते खपलंही. तुम्हाला मात्र ती चूक जिव्हारी लागली. पुढच्या अंकात तुम्ही डोळा बदललात, शाई वाळते न वाळते तोच पान घरी आणलंत आणि माझ्यापुढे धरून म्हणालात, "आता बघ, बरोबर तू झालीस." तुमच्या तोंडावरचा तो आनंद मला आजही सहन होत नाही. त्यानंतर शाळेत माझं खरं नाव कुणी घेतलं नाही.

डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, पोर लहान आहे तोवर ऑपरेशन करा, डोळा सरळ होईल. शिबिरात फुकट होणार होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीचा डोळा नीट करून आणा की. चित्रं काय, कशीबी काढता येतील." तुम्ही म्हणालात, "दिसतंय न्हवं तिला? मग घाई काय? हा अंक होऊ दे, मग बघूया की." मग पुढचा अंक आला, मग त्याच्या पुढचा. एकदा मीच तुमच्या शर्टाला धरून विचारलं तेव्हा खेकसलात, "ह्या डोळ्यापायी गावभर नाव झालंय, आणि तुला तो नको?" नाव कुणाचं झालं, अप्पा? पुढे मला बघायला येणारे लोक माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचे. पोहे खाऊन जायचे, ते परत यायचे नाहीत. मी स्वतः डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "फार उशीर केलात. इतकी वर्षं काय करत होता?" मी काय सांगणार होते? अंक चालू होता, म्हणून?

नव्या अंकात आडनजरचे दोन्ही डोळे सरळ आहेत. टपोरे, लांब पापण्यांचे. कोपऱ्यापलीकडचं बघायला तिच्या कपाळावर एक निळी काच बसवलीय. शेजारच्या बाई हळहळल्या. "सगळा विचका केला हो. अप्पांना काय वाटलं असतं? तुम्ही त्या मालकाला चांगलं खडसावून लिहा की." मी हो म्हटलं, आणि घरी येऊन कागद घेतला तोही त्याच्यासाठीच. पण त्याला काय लिहू? तुम्ही पोटच्या पोरीसाठी जे केलं नाहीत, ते त्यानं कागदावरच्या पोरीसाठी पहिल्याच अंकात करून टाकलं. म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले, आणि हे टाकायला टपालपेटी नाही. तुमच्या चित्रांची बाजू घेऊन मी भांडायला हवं होतं, तुमची मुलगी म्हणून. मला तेवढा राग आलाच नाही. बाई घरी गेल्यावर मी आडनजरचं तोंड पुन्हा पुन्हा बघत राहिले, आणि मला तिचा हेवा वाटला.