आप्पांचं गाणं बसत नाही

८ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे लिहायचं टाळलं. लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं. आता लिहूनच टाकतो — माझे कान चाललेत.

गिटारमुळे कळलं. निगडीच्या एका पोराकडून जुनी घेतली. (त्याचं कुत्रं तीन पायांचं, तरी जिना माझ्या आधी चढलं! असो.) मोबाईलवर बघून सी, एफ, जी हे कॉर्ड शिकलो. म्हटलं, आता आप्पांचं गाणं कानानं काढायचं. आप्पा म्हणजे वडील. गंगाखेडला गायन पार्टीत पेटी वाजवून गातात, हे गाणं त्यांनीच बांधलेलं. आयटीआय अर्धवट सोडून पळालो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. रेकॉर्डिंग नेहानं गुपचूप पाठवलं. बहीण असावी तर अशी.

सूर तपासायचं ट्यूनर ॲप सगळ्या तारा बरोबर दाखवतं. तरी सी वाजवला की गाण्यापेक्षा थोडा खाली. एक फ्रेट, म्हणजे गळ्यावरचं एक घर, पुढे सरकलो की थोडा वर. मधे तर काही नाहीच गिटारवर! मग चूक कुणाची? कानाचीच.

९ फेब्रुवारी

आजही तेच. रूममधला सिद्धेश म्हणाला, "भावा, गाणं बसवतोयस का ग्राइंडर लावलाय?" हसलो. गिटार मात्र खाली ठेवली.

१० फेब्रुवारी

कंपनीत नोटीस. शुक्रवारी कानांची तपासणी. हेडफोन लावतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं.

चाकणला दोन वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर उभा आहे. दिवसभर धाड-धाड. इअरप्लग खिशात! घातले की कान उकडतात, आणि कोण काय टोमणा मारतंय तेही कळत नाही. सुटल्यावर बसमध्ये बारीक शिट्टी वाजत राहते. आधी वाटायचं, बसचीच आहे. कासारवाडीला उतरलो तरी येते मागोमाग.

गणराजला गेल्या वर्षी डाव्या कानात बीप आलाच नाही. ठेकेदारानं पुढच्या महिन्यात बोलावलंच नाही त्याला. आता रहाटणीत भाजीची गाडी लावतो. परवा त्याला डावीकडून हाक मारली. परत मारली. तो आपला मेथीवर पाणी शिंपडत राहिला.

११ फेब्रुवारी

उजवा कान दाबून ऐकलं. मग डावा दाबून. दोन्हीत बसत नाही. म्हणजे दोन्ही गेले?

नेहाला फोनवर बोलून गेलो — गाणं बसत नाही, कान गेलेत. "दादा, दवाखान्यात जा की!" म्हटलं, आप्पांना सांगू नकोस. तर म्हणे, "ते तुझं नाव तरी घेतात का?"

काम गेलं तर दुसरं बघीन, आजवर काय कमी बदलली! पण आप्पांचा आवाज कधी नीट ऐकूच आला नाही तर? हे गाणं वाजवून त्यांनाच पाठवणार होतो. तोंडानं माफी मागायला जमत नाही म्हणून.

१२ फेब्रुवारी

उद्या तपासणी. ताट बाजूला सरकवलं. सिद्धेशनं भुर्जी केली होती. "खा राव, बीप काय पोटानं ऐकायचाय का?"

गिटार कपाटावर टाकली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बूट घालत होतो, दार वाजलं. आप्पा! गंगाखेडहून, न कळवता. खांद्यावर पेटी. आता मोरीत हातपाय धुतायत, तेवढ्यात लिहितोय. जयभीमसुद्धा न घेता दारातच म्हणाले —

"नेहीनं सांगितलं समदं. येड्या, माझी पेटी सुरात हाय असं तुला सांगितलं कुणी? दुरुस्तीवाल्यानं आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या घासल्या, तवापासून जराशी चढलीय ती. काढ तुझी गिटार. तारा चढव."