मजला राहिला, बिल्डिंग गेली

गुरुवार, संध्याकाळ. फिंतास.

जमलं! माझं मला जमलं.

आमच्या डब्यांच्या ऑर्डरींचा प्रोग्रॅम नसीमने, माझ्या पोरीने, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलाय. आज रुमैथिया भागातल्या एका गिऱ्हाइकाचा मजला मी स्वतः त्यात घातला. थोड्याच वेळात ड्रायव्हर सलीमचा फोन. "चाचा, पत्त्यात नुसतं तिसरा मजला दिसतंय. इथे प्रत्येक बिल्डिंगला तिसरा मजला आहे!"

ब्लॉक, रस्ता, बिल्डिंग, सगळं गायब. नसीम ओरडली, "अब्बा, डोन्ट टच! मी पासवर्डच बदलते." का बदलेल? धंदा माझा.

तिच्याकडे कालची प्रत होती, ती परत टाकायला लावली आणि मीच स्क्रीनसमोर बसलो. प्रोग्रॅममध्ये गिऱ्हाईक म्हणजे एक डबा, त्याच्या आत पत्त्याचा छोटा डबा. मग मी काय केलं होतं? पत्त्याच्या जागी नवाच डबा ठेवला, आत फक्त मजला. जुना डबा सामानासकट बाहेर! असलेल्या डब्यात मजला घालायचा तर गिऱ्हाईक, डॉट, पत्ता, डॉट, मजला, असं आतपर्यंत जायचं. एक डॉट कमी पडला होता. एवढ्यासाठी एवढी बोंब?

डॉट दिला. मजला आला, बिल्डिंगही जागेवर. सलीमने डबा पोचवला, गरम होता म्हणे.

नसीमने दोनदा तपासलं. मग म्हणाली, "ओके अब्बा. उद्याच्या ऑर्डरी तुम्हीच टाका."

म्हटलं, मग तू झोप खुशाल उशिरापर्यंत. उद्या जुम्मा आहे, तुला सुट्टी.