नऊ नंबरच्या बोअरचे चार दिवस

प्रिय आल्दीस,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. गुडघा बरा आहे, मांजर बरी आहे, आणि तू पाठवलेला स्वेटर पोटावर जरा घट्ट होतो, पण त्यात लोकरीचा दोष नाही. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच काहीतरी विचारलं असतंस आणि मी नेहमीसारखा हवामानावर घसरलो असतो, म्हणून लिहायला बसलो. शेजारचा ब्यार्त्मार उद्या सकाळच्या विमानाने रेक्याविकला निघालाय, दात दाखवायला. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलं, तर विचारतो, मृत्युपत्र आहे का. मी हसण्यावारी नेलं.

गुरुवारची तुमची बैठक डोक्यातून जात नाही. सरकारने इतक्या वर्षांनी खोल बोअरच्या संशोधनासाठी पैसे बाजूला काढले, ते माझ्या जुन्या वरिष्ठ रान्वेगच्या प्रकल्पाला द्यायचे की नाही यावर तिघांनी मत द्यायचं, आणि त्या तिघांत माझी पोर. पोहण्याच्या तलावावर हे मी सगळ्यांना सांगून बसलोय. म्हातारे मला चिडवतात, की आता कढत कुंडातली कोपऱ्यातली जागा हेर्मुंदुरच्या नावावर करायला हवी. खडक जवळजवळ वितळलेला असतो तिथवर उतरायचं आणि एका बोअरमधून विजेसाठी दहा बोअरची वाफ काढायची, हे रान्वेगचं जुनं वेड. त्यावर तुझं नकाराचं मत लिहून तयार आहे म्हणालीस. “बाबा, तुझ्याच नऊ नंबरचा अहवाल आहे की समोर. चार दिवस इतकं सावकाश तापवलंत, तरी केसिंगचा पोलादी पाइप फाटला. मग त्या उष्णतेत पोलाद टिकत नाही हे सिद्धच झालं ना?” तुझ्या आवाजात माझं कौतुक होतं. मी ‘हं’ म्हणालो आणि हवामान काढलं.

सोमवारी सकाळी रान्वेग कुंडात माझ्याशेजारी येऊन बसली. सहासष्ट वर्षांची झाली. नऊ नंबर बुजवली तेव्हा सरकारने हात काढून घेतला, तिचं पथक पांगलं, आणि जिच्याकडे बघून परदेशातले लोक उठून उभे राहायचे ती बाई एकवीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत राहिली. हा अर्ज शेवटचा, यापुढे अंगात बळ नाही, असं तिने टोपीवरचा बर्फ झटकत अगदी सहज सांगितलं. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आपल्या एवढ्याशा देशात सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे तिला चांगलं कळतं. फक्त उठताना म्हणाली, “आपण दोघांनी तेव्हा सगळं नीट केलं होतं, हेर्मुंदुर. खडकानेच ऐकलं नाही.” मी हनुवटीपर्यंत कढत पाण्यात होतो, तरी मला हुडहुडी भरली.

तुला ते साल आठवतं का? तू नऊ वर्षांची होतीस. सप्टेंबर लागला होता, डोंगरावरची मेंढरं खाली आणायचे दिवस, आणि तू पहिल्यांदाच मोठ्यांबरोबर घोड्यावरून जाणार होतीस. त्याआधीची तीन वर्षं मी ऐन त्याच आठवड्यात कुठल्या ना कुठल्या बोअरवर अडकलेलो. तू पठारावरच्या आमच्या तळावर फोन केलास आणि म्हणालीस, “नाही आलास तरी चालेल बाबा, मला सवय आहे.” रागावून नाही, शहाण्या माणसासारखं. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

बोअर खणून झाली होती. अशा वेळी आत गार पाणी सोडत राहतात आणि ते थोडं थोडं कमी करत खालची उष्णता वर येऊ देतात. इथे उतावीळपणा चालत नाही, कारण पोलाद एकदम तापलं की फुगायला बघतं आणि भोवतालच्या सिमेंटला तडे जातात. रान्वेगने चार दिवसांचं वेळापत्रक आखून दिलं होतं, तासागणिक किती पाणी, सगळं. ती स्वतः त्या आठवड्यात परदेशी परिषदेला गेली होती, आणि पाळीचा प्रमुख मी होतो. पाळीतल्या सगळ्यांनाच आपापल्या गावी मेंढरांना जायचं होतं. कोणी तोंडाने काही बोललं नाही, पण जेवताना सगळे माझ्याकडे बघत होते.

मी वेळेवर पोचलो, एवढं तुला नक्की आठवत असेल. दगडी गोल आवारात शेकडो मेंढरं कालवा करत होती, कडेने प्रत्येक घराचा कप्पा, आणि तू चिखलाने माखून एक काळं कोकरू लोकरीला धरून आपल्या कप्प्याकडे ओढत होतीस. आजोबांनी तुला थांबवलं. “आधी कान बघ. ज्याची खूण त्याचं मेंढरू. दुसऱ्याचं ओढून आणलंस तर चोर म्हणतील, आणि आपलं दुसऱ्याकडे ढकललंस तर त्याहून वाईट.” तू कान बघितलास, लाल झालीस आणि ते कोकरू स्वतःच शेजाऱ्यांच्या कप्प्यात नेऊन घातलंस. मग मटणाचं सूप झालं, गाणी झाली, आणि तू माझ्या कोटात झोपलीस. इतका सुखाचा दिवस मला पुन्हा मिळाला नाही, आणि त्या दिवशीही माझा जीव टांगणीला लागलेला होता.

परत जाऊन झडप उघडली तेव्हा वाफेऐवजी काळपट चिखल आला आणि मग तोही थांबला. तीनशे मीटरवर केसिंग फाटलं होतं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून सगळे मला नशीबवान म्हणाले. रान्वेग आली, तिने माझी नोंदवही पानापानाने वाचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मूग गिळून बसलो. तुझ्या आईला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, आणि ती गेली.

ते चार दिवस झालेच नाहीत, आल्दीस. मी दीड दिवसात पाणी बंद केलं, पाळीतल्या पोरांना सांगितलं की वरून परवानगी आहे, आणि वहीत चार दिवसांचे आकडे माझ्या हाताने बसवले. तू ज्यावर मत लिहिलंस ते आकडे हेच. सावकाश तापवलं असतं तर पोलाद टिकलं असतं का, मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही, आणि तेच तर रान्वेगला शोधायचं आहे. तुझ्यामुळे झालं असं मनातही आणू नकोस. नऊ वर्षांच्या पोरीला बाप हवा होता, त्यात तिची काय चूक? खोटं माझं आहे. हेच सगळं सहीनिशी लिहिलेलं दुसरं पाकीट तुमच्या कार्यालयासाठी ब्यार्त्मारकडेच देतोय, म्हणजे ते लपवायचं की नाही हा प्रश्न तुझ्यापुढे येणार नाही. बापाच्या खोटेपणावर मत द्यायला पोर कशी बसणार, म्हणून कदाचित तुला बैठकीतून उठावं लागेल, आणि तुझं पहिलंच मोठं काम मी हिरावून घेतलेलं असेल. याची मला फार भीती वाटते. त्याहून जास्त भीती आज दुपारची वाटते, कारण पाकिटं दिली की मी रान्वेगच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. एकवीस वर्षं माझं मेंढरू तिच्या कप्प्यात उभं आहे. तू कान बघ, आणि त्याला माझ्याकडे ओढून आण.

तुझाच,
त्या एकाच वर्षी वेळेवर पोचलेला
बाबा