एककान्या वॅट लेडलॉ या नावाने फुंकलेले शिंग उठवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. सरहद्द रखवालदार साहेब,
सरहद्द कचेरी, कॉल्डरिग, स्कॉटलंड.

अर्जदार: वॉल्टर ऊर्फ वॅट लेडलॉ, मेंढपाळ, राहणार ब्रॅकनशील.

विषय: भलत्याच इसमाला लागू झालेले शिंग उठवून मिळण्याबाबत.

संदर्भ: कॉल्डरिगच्या बाजारखांबापाशी दि. ४ सप्टेंबर १५९६ रोजी तीन वेळा फुंकलेले शिंग.

महोदय,

अर्जदार आपल्यापुढे मान लववून, त्या मानेवर सध्या जेवढे कान शिल्लक आहेत तेवढ्यांनिशी, पुढील हकिकत साहेबांच्या कानावर घालतो.

१. ब्रॅकनशीलला वॅट लेडलॉ नावाचे दोन इसम आहेत. एक अर्जदार. दुसरा त्याचा सख्खा चुलतभाऊ. सहा वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या चोरीबद्दल चुलतभावाचा डावा कान वजनकाट्याच्या खांबाला खिळ्याने ठोकण्यात आला होता. संध्याकाळपर्यंत उभे राहण्याची शिक्षा होती. त्याने दुपारीच डोके हिसडले आणि कान खांबावर ठेवून घरी आला. तेव्हापासून त्याला एककान्या म्हणतात. अर्जदाराला नुसते वॅट म्हणतात, कारण त्याच्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते.

२. गेल्या ऑगस्टात एककान्याने गिरणीवाला सायमन प्रिंगल याला त्याच्याच दारात भाल्याने भोसकले व गिरणी पेटवली. बोलावणे जाऊनही तो कचेरीत आला नाही, म्हणून शिंग फुंकून ‘ब्रॅकनशीलचा वॉल्टर लेडलॉ, एककान्या’ हा राजाचा वैरी जाहीर झाला. असा माणूस दिसेल त्याने मारावा आणि मारणाऱ्याला कोणी जाब विचारू नये, हा कायदा साहेबांना अर्जदाराने सांगायला नको. अर्जदाराची या शिंगाबद्दल काहीही तक्रार नव्हती. उलट त्या दिवशी त्याला बरे वाटले होते, हे तो लपवत नाही.

३. तरीही नाव एक, गाव एक, म्हणून दि. ७ रोजी अर्जदार दोन्ही कान घेऊन कचेरीत हजर झाला. कारकून साहेबांनी दोन्ही कान पाहिले, एक ओढूनही पाहिला, आणि म्हणाले, “कान दोन आहेत खरे, पण मी बघितलं म्हणून वहीत चढत नाही. पाद्र्याचा दाखला आण.”

४. दि. ९ रोजी दाखल्यासाठी जाताना ओढ्याच्या उतारावर चुलतभावाने आणखी दोघांसह अर्जदाराला घोड्यावरून खाली ओढले. दोघे छातीवर बसले. चुलतभाऊ सुरी काढून म्हणाला, “वॅट, आपलं नाव एक, आजा एक. आता कानाचा तेवढा फरक कशाला ठेवायचा?” सुरी बोथट होती. कान निघेपर्यंत अर्जदाराने तीनदा आईचे नाव घेतले. समोरून कापत असल्यामुळे घाईत त्याची दिशा चुकली आणि डाव्याऐवजी उजवा कान गेला. जाताना त्याने कान अर्जदाराच्या छातीवर ठेवला व “तुझी वस्तू तुझ्यापाशी राहू दे” असे म्हणाला.

५. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी अर्जदाराकडे पाहून दोन कानांचा दाखला देण्यास नकार दिला. ते खोटे लिहीत नाहीत. ‘पूर्वी दोन असल्याचे स्मरते’ एवढेच त्यांनी दिले. कारकून साहेबांना डाव्या-उजव्याचा फरक दाखवला असता त्यांनी हुकूम वाचून सांगितले, “यात एककान्या लिहिलंय. कुठला कान ते लिहिलेलं नाही.” दि. ७ ला आपणच ओढून पाहिलेल्या कानाबद्दल विचारताच त्यांनी आपल्या कानांवर हात ठेवले.

६. दि. १५ रोजी पहाटे प्रिंगल मंडळी, एकूण अकरा स्वार, अर्जदाराच्या घरावर आली. अर्जदार रानात मेंढ्यांकडे होता. त्याचा धाकटा भाऊ डँड दार अडवून उभा राहिला. त्याच्या पोटातून भाला आरपार जाऊन पाठीशी असलेल्या दाराच्या फळीत रुतला. मग त्यांनी छप्पर पेटवले आणि त्या उजेडात डँडचे डोके केसांना धरून दोन्ही बाजूंनी वळवून पाहिले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, “याला दोन आहेत. हा तो नव्हे.” भाला गवताला पुसून ते निघून गेले. डँड एकोणीस वर्षांचा होता. अर्जदाराला त्याच्याबद्दल जे वाटते ते कचेरीच्या भाषेत बसत नाही.

७. अर्जदाराची पत्नी मॅरियन ही शांत स्वभावाची बाई आहे. दि. २१ रोजी एककान्या धनगरवाड्यात दारू पिऊन पडल्याचे तिला कळले. तिने लोकर कातरण्याची कात्री घेतली. खऱ्या गुन्हेगाराचा उरलेला कान कचेरीत दाखवला म्हणजे साहेबांना डावा-उजवा जुळवून पाहता येईल, असा तिचा सरळ हिशेब होता. तो जागा झाला, तिची दोन बोटे त्याने चावून मोडली, पण कान तिने सोडला नाही. शेजाऱ्यांनी त्याला बांधून, कानासह, कचेरीत नेले.

८. कारकून साहेबांनी त्याचे डोके तपासून हुकूम पुन्हा वाचला व निकाल दिला: “शिंग एककान्यावर आहे. याला एकही कान नाही. बिनकान्याबद्दल आमच्याकडे कागद नाही.” त्याला सोडण्यात आले. तो कचेरीच्या पायरीवर बसून रडेपर्यंत हसला. मॅरियनने नेलेला कान कचेरीत जमा आहे, त्याची पोच अद्याप मिळालेली नाही.

९. म्हणजे आज रोजी ब्रॅकनशीलमध्ये एका कानाचा वॅट लेडलॉ एकच आहे, आणि तो मी आहे. साहेब, मी कोणाला मारलेले नाही.

१०. तरी प्रार्थना अशी की, बाजारखांबापाशी पुन्हा तीन वेळा शिंग फुंकवून हा हुकूम उठवावा व जासुदाच्या हातून अर्जदाराला, तो आता राजाचा वैरी नाही याची खूण म्हणून, शांतीची काठी द्यावी. तसे करणे नियमात बसत नसेल, तर हुकुमात ‘एककान्या’ या शब्दाआधी ‘डावा तुटलेला’ एवढे दोन शब्द घालावेत. शाईचा खर्च अर्जदार देईल. उत्तर येईपर्यंत तो जळक्या घरातच राहील, कारण जायला दुसरी जागा नाही. मॅरियन मोडक्या बोटांनी कात्रीला धार लावत बसली आहे आणि अर्जदाराकडे ज्या नजरेने पाहते त्याचा अर्थ त्याला कळतो. आपला हुकूम त्याआधी यावा.

आपल्या उत्तराकडे उरलेला कान लावून बसलेला,

वॅट लेडलॉ
ब्रॅकनशील, दि. २४ सप्टेंबर १५९६

सोबत:
१. पाद्रीबाबांचे स्मरणपत्र.
२. अर्जदाराचा उजवा कान, मिठात.
३. अर्जदाराचा डावा कान. मूळ अर्जात याचा उल्लेख नाही. अर्ज घडी करताना प्रिंगल मंडळी खिंडीत दिसली, म्हणून मॅरियन म्हणाली, “बस खाली, हलू नकोस.” अजून गरम आहे, मीठ लावायला वेळ झाला नाही. शिंग उठवण्याचा हुकूम झालाच, तर जासुदाने जरा जोरात फुंकावे, ही विनंती.